चमत्कार कोणाचा – देवाचा की माणसाचा?

(वर्षावास प्रवचनमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



बोलायला उभे राहण्याअगोदर आम्ही या टेबलावर दोन पेले ठेवले आहेत. एक पेला पाण्याने भरलेला आहे आणि तो चार पुस्तकांच्या थप्पीवर आहे. दुसरा रिकामा, खाली टेबलावर. दोघांमध्ये सुती कापडाची एक ओली पट्टी टाकली आहे. लहान मुलांनी पुढे बसून त्याच्यावर नजर ठेवावी, हात लावू नये. आम्ही पुन्हा त्या पेल्यांकडे येऊ.

आता विषयाकडे. पत्रिकेवर विषय छापला आहे तो वाचून काहींनी आम्हांला विचारले, "दादा, वर्षावासात येशू ख्रिस्तावर भाषण? विहार सोडून चर्चमध्ये निघालात की काय?" तसे नाही. पण हा विषय आम्ही मुद्दाम मागून घेतला, आणि का घेतला ते आधी सांगतो.

गेल्या पावसाळ्यात आपल्याच वस्तीतली एक सून टी.बी.च्या गोळ्या बंद करून चंगाईच्या प्रार्थनेला जाऊ लागली. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. ही बातमी कळली तशी इथे विहारात बैठक झाली. तरुण पोरे तापलेली होती. कोणी म्हणाले, तिथे जाऊन माईक बंद पाडू. कोणी म्हणाले, पोलिसांत देऊ. आणि एकजण म्हणाला, "अहो, येशू देव होता की माणूस, हेच अजून त्यांचं त्यांना ठरवता येत नाही, तर ते बरं काय करणार?" यावर सगळी बैठक हसली. आम्हीही हसलो. पण घरी आल्यावर झोप लागेना. कारण बैठक जिच्यासाठी होती तिच्याबद्दल त्या दोन तासांत कोणी एक वाक्य बोलले नव्हते. आणि दुसरे कारण असे की जो प्रश्न आपण हसण्यावारी नेला, त्या प्रश्नावर माणसे सोळाशे-सतराशे वर्षे झगडली आहेत, देशोधडीला लागली आहेत. आम्ही शाळा सातवीत सोडली. पुढचे सगळे शिक्षण रद्दीच्या दुकानातून आणि वाचनालयातून. त्यामुळे आम्हांला एक सवय लागली आहे, ज्याच्यावर टीका करायची त्याचे पुस्तक आधी वाचायचे. ही सवय बाबासाहेबांची. आपण त्यांची जयंती करतो, सवय घेत नाही.

गिरणीत साचाखात्यात आमच्या शेजारच्या साच्यांवर वसईचे एक ख्रिस्ती कामगार होते. पक्के मराठी माणूस, घरी सामवेदी बोलणारे. जेवणाच्या सुट्टीत आमचा त्यांच्याशी वाद चाले. आम्ही म्हणायचो, "तुमच्या येशूनं पाच भाकरींत पाच हजार माणसं जेवू घातली, मग आमच्या पगारात पाच माणसं का जेवत नाहीत?" ते रागावत नसत. त्यांनीच आम्हांला पहिल्यांदा मराठी नवा करार वाचायला दिला. पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' आले, तेही आम्ही वाचले. हे फादर वसईचेच, २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले होते.

आता आम्ही वाचले ते काय? चार शुभवर्तमानांत चमत्कार पुष्कळ आहेत. पण त्यांच्या बरोबरीने दुसऱ्याही गोष्टी आहेत, त्या आपण वाचत नाही आणि चंगाईच्या सभेतही सांगत नाहीत. येशू विहिरीपाशी दमून बसतो. होडीत गाढ झोपी जातो. मित्र लाझरस वारला म्हणून रडतो, आणि त्याच अध्यायात त्याला थडग्यातून हाक मारून उठवतो. गर्दीत एक आजारी बाई मागून त्याच्या वस्त्राला हात लावते, बरी होते, तेव्हा तो मागे वळून विचारतो की मला कोणी शिवलं? मार्क लिहितो की स्वतःच्या गावी, नासरेथात, त्याला फारसे चमत्कार करता आले नाहीत, थोड्या आजाऱ्यांवर हात ठेवला तेवढेच. शेवटच्या दिवसाची घटका आपल्यालाही ठाऊक नाही, पित्यालाच ठाऊक, असेही तो सांगतो. आता तुम्ही साधा हिशेब करा. देव असेल तर त्याला कोण शिवले हे ठाऊक नसावे? आणि माणूस असेल तर मेलेला उठवावा कसा?

हा प्रश्न आमच्या साचाखात्यात आम्हांला सुचला म्हणून आम्ही स्वतःवर खूश होतो. पुढे कळले की हाच प्रश्न इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात, कॉन्स्टँटिनोपलला, सिरियात थेट रस्त्यावर आला होता. अलेक्झांड्रियाचा एरियस नावाचा धर्मगुरू म्हणू लागला की पुत्र हा पित्यासारखा अनादि नाही, तो निर्माण केलेला आहे, मोठा आहे पण देवाच्या बरोबरीचा नाही. त्याच्यावरून एवढा गदारोळ झाला की रोमचा सम्राट कॉन्स्टंटाईन याने ३२५ साली नायसिया येथे सगळ्या बिशपांची परिषद बोलावली. तिथे ठरले की पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे. २०२५ साली या परिषदेला १७०० वर्षे झाली.

बरे, देव ठरला. मग माणूस किती? इथून दुसरा झगडा. काही आधीपासून म्हणतच होते की तो माणूस दिसत होता तेवढेच, देह म्हणजे सोंग. आपल्याकडे अवतार म्हणतात तसे काहीसे. मोठ्या धर्मसभेने हे मत पाखंड ठरवले. आमचे वसईचे मित्र म्हणूनच आम्हांला बजावायचे, "येशूला अवतार म्हणू नका. अवतारात देवाला लागत नाही, ठेचाळत नाही. आमच्याला लागलं."

मग नेस्टोरियस आला. हा ४२८ साली कॉन्स्टँटिनोपलचा मुख्य धर्मगुरू झाला. त्याचे म्हणणे असे की मरियेला 'देवाची आई' म्हणू नये, 'ख्रिस्ताची आई' म्हणावे, कारण देव काही महिन्यांचा, दोन महिन्यांचा होत नाही. त्याच्या विरोधात अलेक्झांड्रियाचा सिरिल उभा राहिला. सिरिलने बारा कलमे लिहून पाठवली, मान्य कर नाहीतर धर्माबाहेर हो. त्यातले नववे कलम आपल्या आजच्या विषयाचे आहे. येशूने चमत्कार केले ते पवित्र आत्म्याकडून मिळालेली परकी शक्ती वापरून केले, असे जो म्हणेल त्याचा धिक्कार असो, असा त्याचा आशय. म्हणजे सिरिलचे म्हणणे, ती शक्ती त्याची स्वतःचीच. उलट बाजूचे लोक दाखवायचे की नव्या करारातच पेत्राचे भाषण आहे, त्यात तो सांगतो की देवाने येशूच्या हातून चमत्कार केले. हातून केले, की त्याने केले? शब्द छोटा आहे, पण या शब्दावर माणसे फुटली. ४३१ साली इफिससच्या परिषदेत नेस्टोरियसला पदावरून काढले, पुढे हद्दपार केले, इजिप्तच्या वाळवंटाच्या बाजूला नेऊन ठेवले.

त्यानंतर वीस वर्षांनी, ४५१ साली, कॅल्सेडॉन येथे परिषद भरली. तिथे रोमच्या पोप लिओचे पत्र वाचले गेले, ते त्याने ४४९ साली लिहिले होते. लिओने वाटणी केली. भूक, तहान, थकवा, झोप हे मानवी स्वभावाचे. पाच हजारांना जेवू घालणे, पाण्यावर चालणे हे दैवी स्वभावाचे. व्यक्ती एकच, स्वभाव दोन, त्यांची मिसळ नाही आणि ताटातूटही नाही. परिषदेने हेच ठरवले आणि आजही कॅथॉलिक, प्रोटेस्टंट मंडळी हेच मानतात. पण सगळ्यांनी मानले नाही. इजिप्तचे कॉप्टिक, आर्मेनियाचे, सिरियाचे चर्च वेगळे झाले. ते म्हणाले, अशी वाटणी केली तर दोन ख्रिस्त होतात. लाझरससाठी रडणारा एक आणि त्याला उठवणारा दुसरा, असे कसे? आम्हांला, खरे सांगायचे तर, या बाबतीत त्यांचेच म्हणणे वाचायला अधिक सरळ वाटले. पण तो आमचा प्रश्न नाही.

तुम्ही म्हणाल, हे सगळे तिकडचे. आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो इथून लोकलने अर्ध्या-पाऊण तासावर आहे. सहाव्या शतकात कॉसमस नावाचा एक व्यापारी होऊन गेला. त्याने लिहून ठेवले आहे की कल्लियाना नावाच्या बंदरात ख्रिस्ती लोक आहेत आणि त्यांचा बिशप इराणातून नेमून येतो. हे कल्लियाना म्हणजे आपले कल्याण, असे बहुतेक अभ्यासक मानतात. आता इराणातले चर्च कुठल्या बाजूचे? नेस्टोरियसला हाकलले त्याच्या बाजूचे म्हणून पश्चिमेकडचे लोक त्याला ओळखत. म्हणजे ज्या मताला रोमच्या राज्यात थारा नव्हता, ते मत आपल्या कल्याणच्या खाडीत गलबतातून उतरले होते. आणि त्याच काळात बोरिवलीच्या डोंगरात कान्हेरीला आपला भिक्खूसंघ नांदत होता! शंभराहून अधिक लेणी आहेत तिथे. आपली सहल दरवर्षी जाते, पोरे माकडांना बिस्किटे टाकून परत येतात. पुढच्या वेळी शिलालेखांकडे बघा. त्यांत दान देणाऱ्यांच्या गावांची नावे आहेत, सोपारा आहे, नाशिक आहे, आणि कल्याणचे नाव तर पुन्हा पुन्हा येते. कल्याणच्या बाजारात बौद्ध उपासक व्यापारी आणि ख्रिस्ती व्यापारी यांनी एकमेकांना वजनमापे लावली असतील, घासाघीस केली असेल. कोण देव, कोण माणूस यावर त्यांचे बोलणे झाले का, ते कोणी लिहून ठेवलेले नाही. आम्हांला मात्र कान्हेरीच्या पायऱ्या चढताना नेहमी ते आठवते.

बरे, हा वाद संपला का? ११ नोव्हेंबर १९९४ रोजी पोप जॉन पॉल दुसरे आणि त्या पूर्वेकडच्या चर्चचे प्रमुख मार दिन्खा चौथे यांनी एका संयुक्त निवेदनावर सह्या केल्या, की मरियेला तुम्ही देवाची आई म्हणा, आम्ही ख्रिस्ताची आई म्हणतो, दोन्ही एकाच श्रद्धेतून आले आहे. ४३१ पासून १९९४. पंधराशे त्रेसष्ट वर्षे!

आपल्या महाराष्ट्रातल्या एका बाईने हाच वाद एकटीने घातला, ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पंडिता रमाबाई. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांना तिथे ठेवून घेणाऱ्या सिस्टर जेराल्डीन यांना वाटले की आता ही शिष्या सांगितले ते ऐकेल. पण रमाबाईंनी विचारायला सुरुवात केली. एक देव तीन कसा? येशू हा देव कशावरून? कुमारीच्या पोटी जन्म कशावरून? सगळ्या जुन्या परिषदांनी ठरवले म्हणून मी मानायचे का? त्यांची ही पत्रे पुढे पुस्तकरूपाने छापली गेली, १९७७ साली महाराष्ट्राच्या साहित्य संस्कृती मंडळाने काढली. ब्राह्मणांच्या शास्त्रींपुढे मान वाकवायची नाही म्हणून जी बाई बाहेर पडली, ती बिशपांपुढे तरी का वाकवेल? पुढे त्यांची श्रद्धा बदलत गेली, शेवटी त्यांनी ख्रिस्ताचे देवपणही मानले, तो त्यांचा अधिकार. पण धर्मात राहून प्रश्न विचारता येतो हे या बाईने दाखवले. आपल्यातल्या किती जणांनी विहारात उभे राहून प्रश्न विचारला आहे?

आता हे बोट आपल्याकडे वळवू. कारण दुसऱ्याच्या घरातला कचरा दाखवणे सोपे आहे.

तथागतांच्या बाबतीत हा प्रश्न पडलाच नाही असे कोणी समजू नये. केवट्ट सुत्त आहे दीघनिकायात, अकरावे. नालंदेला केवट्ट नावाचा गृहस्थ तथागतांना म्हणतो, भगवंत, एखाद्या भिक्खूला चमत्कार करून दाखवायला सांगा, लोकांची श्रद्धा वाढेल. तथागत म्हणतात, हे मी भिक्खूंना शिकवत नाही. हवेत उडून दाखवले तर ज्याची श्रद्धा नाही तो म्हणेल, याला गांधारी विद्या येते, त्यात काय! चमत्कार एकच खरा, तो उपदेशाचा, की ऐकून माणूस बदलतो. विनयपिटकात दुसरी गोष्ट आहे. राजगृहाच्या एका श्रेष्ठीने चंदनाचे भिक्षापात्र उंच वेळूवर टांगले आणि आव्हान दिले, ज्याच्यात सिद्धी असेल त्याने काढून घ्यावे. पिंडोल भारद्वाज भिक्खू उडून ते घेऊन आला. लोक जयजयकार करत मागे. तथागतांनी त्याला झापले, गृहस्थांपुढे सिद्धी दाखवायची नाही असा नियम केला, आणि ते पात्र फोडून त्याचे तुकडे भिक्खूंना डोळ्यांच्या अंजनात उगाळायला वाटून टाकले. आम्हांला ही अंजनाची गोष्ट फार आवडते. पात्र विहारात काचेच्या पेटीत ठेवले असते तर आज त्याची यात्रा भरली असती.

येशूच्याही आयुष्यात असा प्रसंग आहे, वाळवंटात चाळीस दिवस उपाशी असताना सैतान त्याला म्हणतो, दगडांच्या भाकरी कर. तो करत नाही. आमचे वसईचे मित्र म्हणायचे, "बघा, भुकेला असून केल्या नाहीत." म्हणजे चमत्कार दाखवून लोक गोळा करण्यावर त्याचाही भरवसा नव्हता, असे म्हणायला जागा आहे.

पण आमचे बोलणे अर्धवट राहू नये म्हणून हेही सांगतो. त्याच पिंडोलाच्या गोष्टीत तो उडाला असे लिहिले आहे, उडू नये एवढाच नियम. आपल्या पाली ग्रंथांत श्रावस्तीचे यमक प्रातिहार्य आहे, उरुवेलेला कस्सप बंधूंपुढे केलेले हजारो चमत्कार आहेत. आणि पुढे तर लोकोत्तरवादी नावाचा आपलाच एक पंथ निघाला. 'महावस्तु' हा त्यांचा ग्रंथ. ते म्हणाले, बुद्ध जेवतात, आंघोळ करतात, औषध घेतात, ते फक्त लोकांप्रमाणे वागायचे म्हणून. त्यांना खरी भूक नाही, खरा आजार नाही. म्हणजे येशूचा देह सोंग आहे म्हणणारे तिकडे, आणि बुद्धाचे आजारपण सोंग आहे म्हणणारे इकडे! स्थविरवाद्यांनी 'कथावत्थु'मध्ये असल्या मतांचे खंडन केले. बैठकीत आपण ज्याच्यावर हसलो, तो वाद आपल्याही घरात झालेला आहे.

तुम्ही महापरिनिब्बान सुत्त वाचा. ऐंशी वर्षांचे म्हातारे शरीर. चुंद लोहाराकडचे जेवण, मग रक्ताची हगवण. वाटेत आनंदाला म्हणतात, संघाटी अंथर, मी दमलो आहे, बसतो. पाणी आण, तहान लागली आहे. हे सोंग म्हणायचे? आम्ही हा भाग वाचतो तेव्हा आम्हांला आमचे वडील आठवतात. हे सोंग असेल तर मग त्या दुःखाच्या आर्यसत्याला अर्थ काय उरला?

बाबासाहेबांनी हा गुंता एका झटक्यात सोडवला. १९५० साली 'महाबोधी' मासिकात त्यांनी लेख लिहिला, त्यात बुद्ध, येशू, महंमद आणि कृष्ण यांची तुलना आहे. येशूने स्वतःला देवाचा पुत्र म्हटले, बुद्धाने स्वतःला माणसाचा पुत्र यापलीकडे काही म्हणवून घेतले नाही, ते मार्गदाते, मोक्षदाते नव्हेत. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांच्या परिनिर्वाणानंतर १९५७ साली निघाला, त्यातही हेच आहे. दैवी चमत्कार नाकारण्यामागे तथागतांचे हेतू काय होते, तेही तिथे लिहिले आहे: माणसाने बुद्धी वापरावी, मोकळेपणी सत्य शोधावे, आणि अंधश्रद्धेचे मूळच उपटले जावे. आपण दर रविवारी हा ग्रंथ वाचतो. आणि वाचून झाल्यावर मूर्तीपुढे बारावीच्या परीक्षेचे हॉलतिकीट ठेवतो. ठेवतो की नाही? हसू नका, आमच्या घरात ठेवले होते. आम्ही उचलले, तर घरात तीन दिवस अबोला.

आता पेल्याकडे बघा. बाळांनो, खालच्या पेल्यात काय आहे? पाणी आहे ना? वरच्या पेल्यातून कोणी ओतले? कोणी नाही. सुताचे तंतू पाणी चढवतात, काठावरून पलीकडे नेतात, आणि टोक खाली असले की पाणी ठिबकत राहते. आम्ही गिरणीत सुताबरोबर आयुष्य काढले. सुताचा आणि ओलाव्याचा संबंध आम्हांला पुस्तकातून शिकावा लागला नाही. हवा कोरडी पडली की ताण्याचा धागा पटापट तुटतो, म्हणून खात्यात ओलावा ठेवावा लागतो.

हेच २०१२ च्या मार्चमध्ये विलेपार्ल्याला झाले. इर्ला भागात वेलंकनी मातेचे चर्च आहे. त्याच्या आवारातल्या क्रूसावरच्या येशूच्या पायांतून पाणी ठिबकू लागले. लोक जमले, बाटल्यांत पाणी भरून नेऊ लागले, काही पिऊ लागले. विवेकवादी कार्यकर्ते सनल एडामरुकू दिल्लीहून आले, त्यांनी जागा पाहिली. जवळच सांडपाण्याचा निचरा तुंबला होता. ते पाणी भिंतीतून चढत क्रूसापर्यंत पोहोचले होते आणि पायांशी बाहेर पडत होते. आपल्या या पट्टीत चढते तसेच. म्हणजे लोक गटाराचे पाणी तीर्थ म्हणून पीत होते. हे त्यांनी दूरचित्रवाणीवर सांगितले. पुढे काय झाले? भावना दुखावल्या म्हणून त्यांच्यावर पोलिसांत तक्रारी झाल्या, भारतीय दंड विधानाच्या कलम २९५-अ खाली. हेच कलम २०२४ पासून न्याय संहितेत २९९ म्हणून आले आहे. अटक होईल म्हणून ते त्याच वर्षी फिनलंडला निघून गेले.

या प्रकरणात आम्हांला एक गोष्ट खटकली, ती ख्रिस्ती मित्रांपुढेही बोललो आहोत. कॅथॉलिक चर्चची चमत्कार तपासण्याची स्वतःची पद्धत आहे. संतपद देताना डॉक्टरांचे मत घेतात, कागदपत्रे मागवतात, वर्षानुवर्षे थांबतात. इर्ल्याचे पाणी हा चमत्कार असे अधिकृतपणे जाहीर झालेही नव्हते. मग ज्याने नळजोडणी तपासली त्याच्यावर खटला कशासाठी? कॅल्सेडॉनच्या हिशेबानेच बघा. तुमच्याच पोप लिओने सांगितले की मानवी ते मानवी, दैवी ते दैवी, मिसळू नका. गटार तुंबणे हे कोणत्या खात्यात जाते? आमचे वसईचे मित्र यावर म्हणाले, "ते म्युनिसिपालटीच्या खात्यात जातं." आणि दोघेही हसलो.

पण केवळ त्यांचेच नाव घेतले तर अन्याय होईल. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध प्यायला, तेव्हा आपल्या वस्तीतलेही लोक वाट्या घेऊन रांगेत होते. जयभीम म्हणणारे होते! ऑगस्ट २००६ मध्ये माहीमच्या खाडीचे पाणी गोड झाले म्हणून सगळ्या जातिधर्मांचे लोक ते घाण पाणी प्याले. त्या दिवशी धर्मनिरपेक्षता फार चांगली दिसली. आणि हे समजावून सांगण्यात आयुष्य घालवणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात सकाळी फिरायला गेले असताना गोळ्या घातल्या. त्यांनी ज्याच्यासाठी अनेक वर्षे खस्ता खाल्ल्या तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी झाला.

आता त्या सुनेकडे येतो. बैठकीनंतर आमच्या घरच्या मंडळी तिच्याकडे गेल्या. आम्ही नाही गेलो, आमच्यापुढे ती बोलली नसती. मंडळींनी धर्माचे नावही काढले नाही, नुसत्या बसल्या. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला ती बोलली. म्हणाली, "काकू, मला येशू देव का माणूस ते काय ठाऊक नाय. तिथं मला नावानं हाक मारत्यात. माझ्यासाठी डोळे मिटून बसत्यात. विहारात मी खोकले तर बायांनी सतरंजी सरकवली."

आम्ही हे ऐकले आणि आमची सगळी पुस्तके आम्हांला जड झाली. इथे, या हॉलमध्ये, ती सतरंजी सरकली होती. ज्यांनी सरकवली त्यांना आम्ही दोष देत नाही, टी.बी.ची भीती असते. गोळ्या नियमित सुरू झाल्या की संसर्गाची भीती पुष्कळ कमी होते, हे आपण कधी विहारात सांगितले? साधा टी.बी. असेल तर सहा महिन्यांचे औषध, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. मध्येच सोडले तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात, मग औषधे लांबतात, त्रास वाढतो. हे आपण माईकवरून किती वेळा सांगितले?

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू हगवणीने आपल्याच घाणीत पडला होता. कोणी विचारीना, कारण तोही कधी कोणाच्या उपयोगी पडला नव्हता. तथागत आणि आनंद फिरत तिथे आले. तथागतांनी पाणी आणायला सांगितले. स्वतः पाणी ओतले, आनंदाने धुतले, मग एकाने डोक्याकडून, एकाने पायांकडून धरून त्याला खाटेवर निजवले. मग संघाला बोलावून सांगितले की ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी. हे सांगताना आम्हांला मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायाची आठवण होते, तिथे येशूही जवळपास हेच सांगतो, की आजाऱ्याला भेटलात ते मला भेटलात. ते सांगणारा देव होता म्हणून मोठा की माणूस होता म्हणून, हा वाद कॅल्सेडॉनवाल्यांनी घालावा. इथे पाणी ओतणारे हात माणसाचे होते, एवढे आम्हांला पुरते.

ती सून आता पुन्हा औषधावर आहे. प्रार्थनेलाही जाते. आम्ही तिला अडवले नाही, अडवणारही नाही. संविधानाने तिला तो हक्क दिला आहे. त्या प्रार्थनेच्या ठिकाणच्या एका बाईलाच आमच्या मंडळींनी गाठून सांगितले की तुम्ही हिला गोळ्या घ्यायला सांगा, ती तुमचे ऐकते. त्या बाईने सांगितले. आमच्या तरुण पोरांना हे रुचले नाही. "दादा, तुम्ही त्यांच्याकडे मदत मागायला गेलात?" गेलो. पुन्हा जायची वेळ आली तर पुन्हा जाऊ. मात्र चंगाईच्या नावाखाली कोणी औषध बंद करायला सांगेल, आजाऱ्याला कोंडेल, मारेल, पैसे उकळेल, तर तिथे कायद्याने काय ते करू, मग तो पास्टर असो, भगत असो की आपल्यातला कोणी असो.

आमचे म्हणणे आता व्यवहाराचे आहे. दाराशी टेबलावर एक निळी वही ठेवली आहे. वस्तीतल्या जुनाट आजाऱ्यांबरोबर राजावाडीला किंवा महापालिकेच्या दवाखान्यात जायला, रांगेत उभे राहायला, गोळ्यांची आठवण करायला माणसे पाहिजेत. आठवड्यातून अर्धा दिवस. महिला मंडळाच्या चार जणींनी आणि आम्ही नावे लिहिली आहेत. बुधवार आणि शनिवार रिकामे आहेत. ज्या तरुणांना त्या दिवशी माईक बंद पाडायला जायचे होते त्यांची नावे आम्हांला वहीत दिसली नाहीत, ती आज दिसावीत. आणि हे दोन पेले कोणीतरी धुऊन ठेवा, मागे चहा तयार आहे.

जयभीम.